हवेतला मासा

सोलापुरातल्या एका थेटरात हुसेनसाब थ्रीडीचे चष्मे वाटायचे. पडद्यातून बाहेर आलेलं धरायला कुणी हात उचलला की ते गरजायचे, "हात खाली! मागच्यांना दिसू द्या की!"

त्यांची नात फिरदोस मात्र एकदा पिक्चरमध्येच चष्मा काढून कपाळ दाबत बसली. "नाना, सगळं दोन-दोन दिसतंय." काचच खराब म्हणून त्यांनी तीन चष्मे बदलले. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"पिक्चरनं काही बिघडलं नाही," बाई म्हणाल्या. "हिचे दोन डोळे एकत्र नाकाकडे वळताना दमतात, ते पिक्चरमुळं कळलं. व्यायामानं सुधारेल."

तीन महिने हुसेनसाब रोज पेन्सिलीचं टोक तिच्या नाकाजवळ हळूहळू आणत राहिले.

मग ती पुन्हा पिक्चरला बसली. पडद्यातून मासा पोहत आला, तसा तिनं हात उंच केला.

"हात खाली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ऱ्हाऊ द्या की वो," हुसेनसाब म्हणाले.