दहा दिवसांची राखण

कल्याणच्या चाळीत आमच्या शेजारी राहणाऱ्या रेल्वेतल्या कारकुनाने मला फसवले आणि भोगले ते माझ्या बायकोने.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. माझा जुन्या गोण्या आणि काथ्याच्या दोरांचा धंदा होता. डोक्यावर गोण्या वाहण्यापासून सुरुवात करून मी स्वतःचा गाळा घेतला होता. एक दिवस खाडीवर एका कोळणीने चिखलात रुतलेले कुत्र्याचे पिल्लू बाहेर काढले आणि माझ्यासमोर धरले. मी फुकटच्या वस्तूचाही भाव करतो. म्हटले, "नेतो, पण वर सुका जवळा दे."

"अरं शेट, जीव हाय त्यो, गोणपाट न्हाय," ती म्हणाली. "दोन येळा खायला घालशील तर ने. नायतर आताच सांग."

जवळा दोन मुठी मिळाला. पिल्लूही आले.

बायको आधी चिडली. "अहो, याचं कोण करणार? तुम्ही तर दिवसभर गाळ्यावर!" केले तिनेच. भाकरी दुधात कुस्करणे, गोचिड्या काढणे, ओसरी धुणे. पिल्लू भलतेच खोडकर होते. वाळत घातलेल्या लुगड्याचा पदर ओढी, चपला पळवी, पायात पायात येई. महिनाभरात बायको त्याच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलू लागली.

मग एकदा खेळता खेळता तिच्या हातातले फडके ओढताना त्याचा दात तिच्या मनगटात रुतला. जखम लहान होती, पण रक्त आले. डॉक्टर म्हणाले, "पिल्लू दहा दिवस बांधून ठेवा. पिसाळले नाही, धड राहिले तर काही नको. मेले किंवा हरवले, तर पोटात चौदा इंजेक्शने."

मी गाळ्यातला नवा तीनपेडी दोर आणून ते ओसरीच्या खांबाला बांधले. ते खात होते, पीत होते, दोराशीच खेळत होते. सहाव्या दिवशी बायकोला माहेरी आजारी आईकडे जावे लागले आणि मला आंबिवलीला गोण्यांचा मोठा लॉट बघायचा होता. मी घरी थांबायला हवे होते. पण दुसरा व्यापारी तो उचलेल म्हणून मी शेजाऱ्याला विचारले. त्याची मुले लहान होती, बायको कुत्र्याला घाबरायची, हे मला ठाऊक होते. तो म्हणाला, "जा हो शेठ, निर्धास्त जा. नजर आहे माझी."

संध्याकाळी परत आलो तर खांबाला दोराचा तुकडा लोंबत होता.

"कुरतडून पळालं हो," शेजारी म्हणाला. "मी जरा आत गेलो, तेवढ्यात."

मी तुकडा हातात घेतला. कुत्रा दोर चावतो तेव्हा पेड एकेक करून तुटतात, वेडेवाकडे, लाळेने ओले. इथे तिन्ही पेड एका रेषेत कापलेले होते आणि टोक कोरडे खडखडीत.

"हे सुरीचं काम आहे," मी म्हणालो. "मुलांसाठी घाबरलात, मी समजू शकतो. कुठे सोडलंत तेवढं सांगा. मी एक शब्द बोलणार नाही."

"दोरखंडवाल्याने आम्हाला खोटं पाडायचं?" तो ओरडला. मीही ओरडलो. सारी चाळ गोळा झाली आणि नोकरीवाल्या माणसाच्या बाजूने बोलली.

दुसऱ्या दिवसापासून मी गाळा बंद ठेवून फिरलो. स्टेशन, खाडी, शीळफाट्यापर्यंतचा रस्ता. पिल्लू सापडले नाही. डॉक्टर म्हणाले, आता थांबता येणार नाही. माहेरहून परतलेली बायको रोज दवाखान्यात जाऊन पोटात सुई टोचून घेत होती. पोट सुजून दगडासारखे झाले होते. एकदा ती म्हणाली, "त्याला उपाशी तर ठेवलं नसेल ना कोणी?"

ती बरी झाली. शेजारी पुढे बदली होऊन डोंबिवलीला गेला. तिथे घर बांधून तो आजही राहतो आणि लोक त्याला सज्जन म्हणतात.

मला माफी नको. पण त्या संध्याकाळी त्याने एक जागा सांगितली असती, तर मी धावत गेलो असतो आणि कदाचित तिला एकही सुई घ्यावी लागली नसती. पिल्लू त्याने कुठे सोडले? जिवंत सोडले का? हे त्याने माझ्या बायकोसमोर उभे राहून सांगावे.