पाठमोरा अँटेना

माझ्या वहिनीला प्रश्न पडायचे, आणि एकदा पडला की तो घरभर फिरायचा. घरात फोन आला तेव्हा तिने दादाला विचारलं होतं, "दोन्हीकडून एकदम बोललं तर तारेत आवाजांची टक्कर नाही होत?"

दादा डोंगरावरच्या टीव्ही केंद्रात नोकरीला होता. तिथल्या मनोऱ्यावरून आसपासच्या सगळ्या गावांना चित्र जायचं. आमची गल्ली मात्र त्याच डोंगराच्या कुशीत, त्यामुळे चित्र आमच्या डोक्यावरून निघून जायचं. गावोगावी सिनेमा, आमच्या पडद्यावर मुंग्या. मी दादाला भरपूर चिडवून घेतलं, पण वहिनीने कधी तक्रार केली नाही.

केली ती लेकीचा फोन आला तेव्हा. राजधानीच्या केंद्रावर लागल्यापासून पोरीला रजाच मिळाली नव्हती. आता मंगळवारी संध्याकाळी ती पहिल्यांदा टीव्हीवर बातम्या वाचणार होती.

"बरी आहेस ना गं?"

"अगदी मजेत आहे, आई."

वहिनीने फोन ठेवला. "फोनवर सगळेच मजेत असतात. मला तिचं तोंड बघायचंय."

केंद्रात बाहेरच्यांना मज्जाव. पलीकडच्या गावात कुणाकडे तरी जाऊन बघ म्हटलं, तर माझ्याच अंगावर आली. "परक्यांच्या घरात बसून रडू का मी?"

दादाने छपरावर चढून अँटेना उंच केला, मनोऱ्याच्या दिशेने इकडून तिकडून फिरवला. मुंग्या काही हलेनात. "मधे डोंगर आहे, नाही जमायचं," म्हणत तो उतरला आणि घरात शिरला.

"अहो, शिडी राहिली!" वहिनी अंगणातून ओरडली. समोरच्या उघड्याबोडक्या कड्यावरून तिचे शब्द परत आले. ती तिथेच थबकली.

"अहो, माझा आवाज त्या कड्यावर आपटून परत येतो. मग तुमचं चित्र का नाही येत?"

दादा हसला. मग हसायचा थांबला. पुन्हा वर चढून त्याने अँटेना फिरवला, पाठ मनोऱ्याकडे, तोंड कड्याकडे.

"आलं का?"

"आलं!" मी खिडकीतून ओरडले. "गेलं! आता परत आलं, हलवू नकोस!"

केंद्रातल्या माणसाचाच अँटेना उलटा, म्हणून गल्ली पोट धरधरून हसली. दुसऱ्या दिवशी गल्लीतले सगळेच अँटेने पाठमोरे झाले.

मंगळवारी दादा वर ड्यूटीवर होता. आमचं चित्र आपटून येणारं, त्यामुळे प्रत्येक माणसाच्या शेजारी त्याचीच एक फिकट आकृती दिसायची. बातम्या सुरू झाल्या तशी वहिनी पडद्याला नाक लागेल इतकी पुढे सरकली. मला तिची वेणीच दिसत होती. जगात त्या दिवशी काय घडलं, देव जाणे. शेवटी पोरगी नमस्कार म्हणून जरा हसली आणि वहिनीने डोळे पुसले.

तेवढ्यात फोन वाजला. वरून दादा होता. "दिसली का गं?"

"दोन दिसल्या," वहिनी म्हणाली. "दोघीही पार वाळल्यात. मी उद्याच्या गाडीने निघते."