गोठ्याखालचा कर्दळीचा चर

मी शिक्षकाची पोर, गडहिंग्लजच्या पेठेत वाढलेली. लग्न होऊन कोल्हापूरजवळच्या या खेड्यात आले, तेव्हा म्हशीजवळ जायलाही घाबरायची. धार काढायला शिकवलं ते थोरल्या जावेनं, म्हणजे आमच्या आक्कांनी. "मुठीनं काढ की! म्हस हाय ती, बाजाची पेटी न्हवं," असं ओरडायच्या आणि दोघी पोट धरून हसायचो.

पुढं भावाभावांच्या वाटण्या झाल्या. वरचा गोठा आमच्याकडं आला, उतारावरची विहीर आक्कांकडं गेली. गावात डेअरी निघाली तशा आमच्या दोन म्हशींच्या आठ झाल्या. रोज गोठा धुवायचा आणि शेणामुताचं पाणी द्यायचं सोडून. ते जातं कुठं, हे कोण बघतंय! एका उन्हाळ्यात आक्कांच्या विहिरीचं पाणी वास मारायला लागलं. त्या बांधावर आल्या. "दूध डेअरीला, आन मूत आमाला व्हय?" एवढंच बोलल्या, आणि त्या दिवसापासून बोलणंच टाकलं. भांडल्या असत्या तर परवडलं असतं. पाण्याला लांबच्या विहिरीवर जायच्या, माझ्याच दारावरनं, मान फिरवून. मला घास गोड लागेना.

वर्षभर असं सोसलं. मग आठवलं, माहेरी न्हाणीच्या पाण्यावर आई अळू आणि कर्दळ लावायची, तिथं कधी घाण साचली नाही. म्हटलं, तेच मोठं करू. शेण आधी खरडून उकिरड्यात टाकायचं आणि उरलेल्या पाण्याला गोठ्याखाली लांबलचक चर. नवरा हसला, पण खणला बिचाऱ्यानं. ओढ्यातनं लव्हाळा आणला, कर्दळीचे कंद लावले. कोंब वर आले तशी मी हरखून गेले. आणि एके सकाळी आमची थोरली म्हैस दावं तोडून गेली ती थेट माझ्या चरात! गळ्यापर्यंत बसलेली, डोळे मिटून रवंथ चाललेला, शिंगावर कर्दळीचं पान. दुपारपर्यंत उठली नाही. बांधापलीकडं आक्का तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. मला मात्र रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी रागाच्या भरात मी अख्खा चर खडी, वाळू आणि फुटक्या विटांनी काठोकाठ भरला. "आता बस की, बघू कुठं बसतीस!" म्हशीला सुनावलं. खडीतच पुन्हा कंद रोवले. आणि गंमत बघा, पाणी वर दिसेचना. खडीतनं, मुळांतनं झिरपत पलीकडं निघालं ते निवळ, वास म्हणून नाही. जे माझ्या डोक्यात आलं नाही, ते म्हशीनं करून घेतलं! पावसाळ्यात कर्दळ माझ्या डोक्याच्या वर गेली. नंतर नवऱ्यानं आक्कांची विहीर उपसून दिली, तेव्हाही त्या गप्पच.

दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशी सजवतात. मी त्या थोरलीच्या शिंगांना कर्दळीची फुलं बांधत होते, तेवढ्यात हाक आली, "अगं ए!" दीड वर्षानं आली होती ती हाक. माझ्या हातातली फुलंच पडली. आक्का विहिरीवर पाण्याचा भरलेला तांब्या घेऊन उभ्या होत्या. मी पळतच गेले. त्यांनी माझ्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला.

"आक्का, तुम्ही थोरल्या, आधी तुम्ही घ्या."

"न्हाय. म्हशी तुझ्या हायत. आदी तू पी."

गूळ तोंडात टाकला आणि तांब्या एका दमात रिकामा केला. त्या माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या.

"गोड आहे," मी म्हणाले.

"गूळ खाल्ल्यावर गोडच लागणार की, येडे!" म्हणत त्यांनी पोहरा पुन्हा विहिरीत सोडला, तांब्या भरून घेतला आणि स्वतः बिनगुळाचा प्यायल्या.