अडीचचा फोन

दीड महिन्यापूर्वी दुपारी अडीचला यासीनभाईंच्या नंबरवरून फोन आला आणि मी उचलला नाही. पहिली शिफ्ट सुटायची गडबड होती, शिवाय ते काय विचारणार हे मला पाठ होतं. पुन्हा वाजला तेव्हा वैतागून घेतला. पलीकडे त्यांचा मुलगा. "काका, अब्बा गेले," एवढंच म्हणाला...

सुप्याच्या कारखान्यात आम्ही सत्तावीस वर्षं बरोबर काढली. ते पत्रा कापायच्या जुन्या पॉवर प्रेसवर, मी त्या विभागाचा सुपरवायझर. शिफ्ट सोपवताना पुढच्या माणसाला मशीनची खबर तोंडी सांगायची आमची रीत. यासीनभाई ती अशी सांगत, की घरातलं आजारी माणूस दुसऱ्याच्या हवाली करतायत असं वाटावं. क्लच जड आहे, आवाज बदलला तर थांब... निवृत्तीच्या वेळी पीएफ, पेन्शन, पारनेरचं घर, सगळं जागच्या जागी होतं. निरोपाच्या दिवशी शाल घेतली, पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून रोज शिफ्ट सुटताना, अडीचला फोन. "साहेब, आवाज कसा हाय?"

आवाज कसला... महिन्याभरात ती प्रेस भंगारात गेली. मला सांगवेना. "ठीक आहे," म्हणालो, आणि मग थापांवर थापा. क्लच दुरुस्त केला, बेअरिंग बदललं, नव्या ऑपरेटरला तुमच्यासारखं जमत नाही. वर्षभर मी नसलेल्या मशीनची देखभाल करत होतो, कधी मायेनं, पुष्कळदा कटकट नको म्हणून. ते गेल्यापासून एकच गोष्ट डोकं खाते, की या माणसाला मी नोकरीतून सुटूच दिलं नाही. तीन महिन्यांनी मीही निवृत्त होतोय. कागदपत्रांची फाइल केव्हाच तयार आहे, आणि मी मात्र सुट्टीच्या दिवशीसुद्धा गाडी काढून कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन येतो. बायको विचारते कुठे गेला होतात, तर मी भाजी आणायला म्हणतो आणि हात रिकामे असतात.

जनाज्याला गेलो होतो, पण बोलायचं धाडस झालं नाही. चाळिसावा झाल्यावर पुन्हा पारनेरला गेलो आणि भाभींसमोर सगळं कबूल केलं. त्या चहा गाळता गाळता थांबल्या.

"भाऊ, मशीन गेलं हे त्यांना ठाऊक हुतं. भंगार उचलायला जो टेम्पो आल्ता, त्यावर त्यांचा भाचाच हुता."

"मग रोज फोन कशाला करायचे?"

"पहिले दोन महिने लई तळमळले. मग लोकांच्या शिलाई मशिनी दुरुस्त करायला लागले, रमले. मी म्हनायची, आता कशाला फोन करता? तर म्हनायचे, साहेबांचं समदं कामावरच हाय. घरी बसले की त्यांना कोन विचारनार? मी विचारीत जाईन. आत्तापासून सवय असू दे."

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला.

"जायच्या आदल्या दिवशी बी लावला हुता तुमाला," भाभी म्हणाल्या. "तुमी कामात असाल."

मी कामात नव्हतो. खुर्चीत नुसता बसलो होतो, आणि फोन कापला होता.