माधवरावांची पहिली उलटतपासणी

कोर्टातले जुने कागद ठरावीक मुदतीनंतर जाळतात. त्यासाठी साहेबांची सही लागते. किस्स्यांना मुदत नसते, त्यामुळे ते साठत जातात. मी रत्नागिरीच्या कोर्टात साक्षी लिहून घेणारा कारकून होतो. पेन्शनीत आल्यापासून दिवसचे दिवस कुणाशी बोलणं होत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. हे सगळे किस्से माधवराव वकिलांचे.

* * *

माधवराव सनद घेऊन आले तेव्हा बाररूममध्ये वकील जास्त आणि खुर्च्या कमी. त्यांच्या वाट्याला पाण्याच्या माठाशेजारचं स्टूल आलं. प्रत्येक पक्षकार त्यांच्यापाशी थांबे, पाणी पिई आणि दुसऱ्या वकिलाकडे जाई.

"लोक माझ्याकडे येत नाहीत, असं कुणी म्हणू नये," माधवराव म्हणत.

* * *

लग्नानंतर चार महिन्यांनी त्यांची बायको सावर्ड्याला माहेरी गेली, ती गेलीच. सासरे नानाशेट, लाकडाचे व्यापारी. त्यांनी निरोप धाडला की पहिला दावा मिळू दे, मुलगी आणून सोडतो.

एकदा जेवायच्या वेळी मी माधवरावांच्या घरी गेलो. दोन पाट मांडलेले होते. मी विचारलं, कुणी यायचंय का?

"आधी दावा," ते म्हणाले, "मग ती."

* * *

आपलं नाव लोकांच्या कानावर पडावं म्हणून त्यांनी गणू पट्टेवाल्याला पटवलं. गणू रोज दुपारी व्हरांड्यात तीनदा ओरडे, "माधवराव वकील हाजिर!" हे लगबगीने आत शिरत आणि मागच्या दाराने बाहेर पडत. चार दिवस असं चाललं. पाचव्या दिवशी मुन्सफसाहेबांनी त्यांना थांबवून काय काम आहे ते विचारलं. काही नाही, म्हणाले.

"मग बसा," साहेब म्हणाले. "ज्यांचं काम असतं ते वकील बोलावूनही येत नाहीत."

* * *

पुढे गावात एक इंग्रजी बोलपट आला. परदेशातला एक मोठा मुत्सद्दी तरुणपणी लहानशा गावात वकिली करत होता, त्याची गोष्ट. अख्खी बाररूम बघायला गेली. दुसऱ्या दिवशी निम्मे वकील हात मागे बांधून, छताकडे बघत चालू लागले. देश आता आपल्यालाच चालवायचा आहे, अशी त्यांची खात्री झाली होती. एकजण त्या नादात पायरी चुकला.

माधवरावांनी तो बोलपट तीनदा पाहिला. एवढं काय आवडलं, मी विचारलं.

"त्याच्याकडे पक्षकार येतो ना, तो सीन."

* * *

अखेर त्यांच्याकडेही आला. जयगडचा राघो. होडीसाठी एक लाकूड कबूल करून नानाशेटनी दुसरंच दिलं आणि होडी पहिल्याच हंगामात फुटली, अशी त्याची तक्रार. नानाशेटविरुद्ध कुणी वकीलपत्र घेईना. माधवरावांनी त्याला बजावलं, तो माझा सासरा आहे.

"असू दे, सायेब," राघो म्हणाला. "तुमच्याकडं दुसरं काम नाय. माझ्या होडीचा इचार तरी कराल."

पहिला दावा मिळाला, तोही सासऱ्यावर! त्या संध्याकाळी माधवरावांनी घराला चुना काढला.

* * *

नानाशेट साक्षीला उभे राहिले. कबूल केलं तेच लाकूड दिलं, असं शपथेवर सांगितलं. माधवराव उलटतपासणीला उठले.

"तुम्ही दिलेला शब्द पाळता?"

"पाळतो."

"पहिला दावा मिळाला की मुलगी पाठवतो, असा शब्द मला दिला होता?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. याचा दाव्याशी संबंध काय, साहेबांनी विचारलं. साक्षीदाराच्या खरेपणाशी आहे, माधवराव म्हणाले. साहेबांनी प्रश्न मंजूर केला. बहुधा त्यांनाही उत्तर ऐकायचं होतं.

"दिला होता," नानाशेट म्हणाले.

"मग कधी पाठवता?"

नानाशेटनी कठडा धरला. "जावईबापू, मी अडवलं नाही हो. तुम्ही वकीलपत्र घेतल्याचं कळलं, त्याच दिवशी तिला ट्रंक भरायला सांगितली. तीच येत नाही म्हणते."

कुणी हसलं नाही. साहेब माझ्याकडे वळून हलकेच म्हणाले, हे लिहू नका. मी टाक खाली ठेवला.

माधवराव अजून उभेच होते.

"लिहू द्या, साहेब," ते म्हणाले. "शपथेवर सांगितलंय."