पोकळ हिरवा ठिपका

तिला कचेरीत सगळे रंगारीण म्हणत. ब्रश तिने जन्मात धरला नव्हता, पण आपत्ती कक्षाच्या भिंतीवरच्या पडद्यावरचा तो मोठा नकाशा तीच रंगवायची. आग लाल, रस्ते पांढरे, बंब म्हणजे हिरवे ठिपके. साहेबांनी एक नजर टाकावी आणि कुणाला कुठे धाडायचं ते ठरवावं, इतका तो स्वच्छ लागे.

त्यातला एक ठिपका तिचा नवरा होता, बंबाचा चालक. ती सकाळी निघायची तेव्हा तो झोपलेला, तो परतायचा तेव्हा ती. सासूबाई म्हणायच्या, "अगं, संसार त्या पडद्यावरच थाटा की! मी डबा तिकडेच पाठवते."

त्याने मग एक वाट काढली. काम आटोपून रिकामा बंब परत नेताना तो पाण्याच्या टाकीला एक जादा फेरी मारायचा. नकाशावर ठिपका गिरकी घ्यायचा, आणि रंगारीण मान खाली घालून हसायची.

एका दुपारी डोंगराला वणवा लागला. त्याचा बंब उतारावरच्या वस्तीत पोचला आणि ठिपका तिथेच थांबला. बराच वेळ थांबला. बंबाकडून खबर तुटली की नकाशा शेवटची जागाच दाखवत राहतो. अशा वेळी ठिपका पोकळ करायचा, हा नियम तिनेच घातलेला. इतरांचे ती चटकन करी. आज बोट उठेना. ठिपका भरीव आहे तोवर तो तिथे धडधाकट उभा आहे, असं वेडं मन धरून बसलं होतं.

साहेब म्हणाले, "वस्तीत एक बंब आहेच. दुसरा लाकडाच्या वखारीकडे वळवा."

तिने ठिपका पोकळ केला.

"हे काय गं? आत्ता तर भरलेला होता!"

"खबर जुनी आहे साहेब. मीच उशीर केला. तो कुठे आहे ते आपल्याला माहीत नाही."

"मग वस्तीत कोण आहे?"

"कदाचित कुणीच नाही."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि दुसरा बंब वस्तीकडे गेला. आग अगदी पहिल्या घरांशी अडवली गेली.

त्यानंतर कितीतरी वेळाने पोकळ ठिपका भरला, डोंगराच्या पार पलीकडे. वस्तीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बंबावर बसवून तो कोरड्या ओढ्यातून उतरला होता. डोंगराआड त्याची खबर पोचत नव्हती. ठिपका टाकीपाशी आला. तो न वळता सरळ दवाखान्याकडे गेला. भरल्या गाडीने गिरकी घ्यायची नसते, हे तिला कळत होतं. तरी ती नकाशावरच्या त्या टाकीकडे बघत राहिली.

पाळी संपल्यावर ती घरी निघाली. टाकीपाशी पाय थबकले. पायी माणसाचा ठिपका कुठल्याच नकाशावर उमटत नाही, तरी तिने टाकीला सावकाश एक फेरी मारली.