वाऱ्यात धरलेला पत्रा

काल स्कूटरच्या मागे बसलेल्या एका माणसाने मोठा पत्रा उभा धरला होता. वारा आला की पत्रा, माणूस आणि स्कूटर तिघंही एका अंगाला ढकलले जायचे. बघणारे हसत होते. मला राग आला.

माझे आप्पा गॅरेजात पत्राकाम करतात. असेच पत्रे धरून त्यांचं आयुष्य गेलं. आमच्याकडे मातीच्या ट्रॅकवर गाड्यांची शर्यत होते. वळणावर गाडी आडवी होऊन घसरते आणि तिचं बूड बाहेर फेकलं जातं. आप्पांनी एका गाडीच्या बाहेरच्या अंगाला, मागे, उंच सपाट पत्रा ठोकला. म्हणाले, "आडवी झाली की वाराच हिला आत ढकलंल, बघ."

गाडी खरंच वळण धरून गेली. माईकवाला माझ्याकडे बोट दाखवून ओरडला, "ही करामत आपल्या इंजिनिअर ताईंची!" शेजारी काळ्या हातांचे आप्पा उभे होते. त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

घराण्यातली पहिली पदवी माझी आहे. तिचा मला अभिमान आहे, माज म्हणा हवं तर. पण पुस्तकात डोकं घालून जे मला कळलं, ते या माणसाच्या मनगटांना आधीच ठाऊक होतं. आणि या लोकांना डोकं फक्त सर्टिफिकेटवर दिसतं!

"ऱ्हाऊ दे गं," आप्पा म्हणाले, "तुझं नाव ते माझंच."

काल सिग्नलला त्या माणसाने पत्रा जरासा तिरका केला आणि स्कूटर सरळ निघून गेली. माईकवाल्याला मी मनात पुन्हा शिव्या घातल्या. पण शर्यतीच्या त्या दिवशी त्याने माईक माझ्याही हातात दिला होता. मी फक्त "धन्यवाद" म्हणाले होते.